पुण्यात जेवायचं तर किती लागतील?

ढोकीहून पुण्याला निघालेल्या माणसाच्या पिशवीत भाकरी, धपाटे आणि शेंगाची चटणी असतेच. पण ती शिदोरी फार तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पुरते. गाडीभाडं माहीत असतं, डॉक्टरांची फी आधी विचारलेली असते, लॉजचा दर फोनवर ठरलेला असतो. जेवणाचं मात्र ‘बघू तिथं गेल्यावर’ असं म्हणून सोडून दिलेलं असतं. चार दिवस मुक्काम पडला की हाच खर्च कधी कधी लॉजच्या भाड्याच्याही पुढं जातो.

ढोकी, तेर, येडशी, मुरूड या पट्ट्यातून पुण्या-मुंबईला माणसं हौसेनं कमी आणि कामानं जास्त जातात. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाची पोरगी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली असते, कुणाला मुलाचं अॅडमिशन करायचं असतं, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. अशा माणसाला शहरात परवडणारं जेवण मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. एकाच रस्त्यावर पंधरा रुपयांचा वडापावही असतो आणि माणशी पंधराशेचा बुफेही असतो. आपण कोणत्या दारातून आत शिरलो त्यावर निम्मा खर्च ठरतो, आणि आत बसल्यावर काय विचारलं नाही त्यावर उरलेला. म्हणून इथं दर सांगताना काय विचारायचं तेही सांगतो आहे. दर २०२५ च्या अखेरच्या सुमाराचे आणि अदमासाचे आहेत. पेठ बदलली की दहा-वीस टक्के इकडं-तिकडं धरून चाला.

वाटेत आणि उतरल्यावर

खर्चाची सुरुवात बसमध्येच होते. बार्शी, कुर्डुवाडी करत गाडी टेंभुर्णीला हायवेला लागते आणि टेंभुर्णी ते भिगवणच्या दरम्यान ट्रॅव्हल्स कुठल्यातरी ढाब्यावर थांबते. तिथं दुसरा पर्याय नसतो, त्यामुळे चहापासून भजीपर्यंत सगळ्याचा दर चढा असतो. रात्रीचं जेवण घरून करून निघालात तर माणशी दीडशे-दोनशे रुपये वाचतात. थांब्यावरच्या दुकानात पाण्याची सीलबंद बाटली छापील किमतीलाच मिळायला हवी. फ्रीजमध्ये ठेवली म्हणून दोन-पाच रुपये जास्त मागणं बेकायदा आहे. रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी, रेल नीरची एक लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून १५ ऐवजी १४ रुपयांना झाली आहे. मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यापाशी २० रुपयांचं इकॉनॉमी मीलही मिळतं. पुरी-भाजीचं हे साधं पाकीट आहे, पण त्या पैशात दुसरं काही मिळत नाही.

पहाटे वाकडेवाडी, स्वारगेट किंवा हडपसरला उतरल्यावर स्टँडसमोरचं पहिलं हॉटेल टाळा. दोन गल्ल्या आत गेलात की पोह्यांची गाडी असते. पोहे किंवा उपीट २५ ते ४० रुपये, अमृततुल्यचा चहा १० ते १५, वडापाव १५ ते २५. मिसळ ही मात्र आता स्वस्तातली न्याहारी राहिलेली नाही. पुण्यात साधी मिसळ ८० ते १०० आणि नावाजलेल्या ठिकाणी १२० ते १५० पर्यंत जाते. बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा मिळतो, पण जादा पावाचे पैसे वेगळे लागतात. मिसळ एक आणि पाव चार असा हिशोब करून बसणाऱ्यानं आधी पावाचा दर विचारावा.

रोजचं जेवण: मेस, बोर्डिंग, उडपी

दवाखान्यात माणूस असताना रोज दोन वेळा पोटाला बाधणार नाही असं जेवण कुठं मिळेल, हा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर पुण्यात सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या मेस आणि खानावळी. हजारो विद्यार्थी त्यांच्यावर जगतात, म्हणून दर आटोक्यात राहतात. महिन्याची दोन वेळची मेस साधारण ३००० ते ४००० रुपयांना पडते. बाहेरच्या माणसाला एका ताटाचे ८० ते १२० द्यावे लागतात. पोरगा किंवा पुतण्या पुण्यात शिकायला असेल तर आपल्या मुक्कामापुरते त्याच्याच मेसचे कूपन घ्यायला सांगा. कूपनावर ताट दहा-वीस रुपयांनी स्वस्त पडतं आणि अन्नाची चव-प्रत माहितीतली असते.

मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्या पोरांच्या आई-बापांनी तीन गोष्टी नक्की करून घ्याव्यात. गावी गेल्यास खाडे वजा होतात का, आणि किती दिवसांच्या पुढं? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का? मध्येच सोडल्यास उरलेले पैसे परत मिळतात का? बहुतेक भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात. सगळं तोंडी असतं, म्हणून पोराला व्हॉट्सअॅपवर विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवायला सांगा. पैसेही यूपीआयनंच द्या, म्हणजे तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते.

मेसच्या वरची पायरी म्हणजे उडपी हॉटेल. इडली-वडा ५० ते ८०, मसाला डोसा ८० ते १३०, राईस प्लेट १२० ते १८०. मराठवाड्यातून प्रथमच शहरात आलेल्या कुटुंबानं खुशाल उडप्याच्या हॉटेलात जावं. दर फळ्यावर किंवा कार्डावर स्वच्छ लिहिलेले असतात, पाणी न मागता समोर येतं, ताट पाच-दहा मिनिटांत मिळतं आणि एका डोशावर उठलात तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरचं वैशाली १९५१ पासून याच पद्धतीवर चालत आलं आहे. तिथं गर्दीत नंबर लावून थांबावं लागतं, पण दारात उभं राहूनच दर वाचता येतात. डेक्कनवरचं १९३५ चं कॅफे गुडलक ही इराण्याची तऱ्हा. बनमस्का आणि चहा घेऊन दोघांनी शंभर-सव्वाशेत अर्धा तास बसावं अशी ती जागा आहे.

मुंबईला जाणाऱ्यांत आपल्याकडचे पुष्कळजण परळच्या टाटा रुग्णालयासाठी जातात. महिना-महिना तिथं काढणाऱ्यांनी आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जेवणाची चौकशी करावी. रुग्ण आणि नातेवाइकांना मोफत किंवा नाममात्र दरात जेवण देणाऱ्या संस्था त्या परिसरात आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही. ही सोय तुमच्यासाठीच केलेली आहे, आणि वाचलेला पैसा औषधाला लागतो. बाहेर जेवायचं झालं तर दादर आणि माटुंगा जवळ आहे. दादरला मामा काणे, प्रकाश, आस्वाद अशी मराठी पदार्थांची जुनी हॉटेलं आहेत. साबुदाणा वडा, थालीपीठ, पियुष यांवर माणशी दोनशे-अडीचशेत न्याहारी होते. माटुंगा स्टेशनजवळ १९४२ पासूनचं ए. रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग आहे. तिथं ‘मर्यादित’ आणि ‘अमर्यादित’ असे दोन दर असतात. आजारी माणसाबरोबर असाल तर मर्यादितच घ्या. दोन पोळ्या आणि वाटीभर भातावर उठणाऱ्यानं अमर्यादितचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

शासनाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, १० रुपये. केंद्रावर दुपारच्या ठरावीक तासांतच ती मिळते आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते. सगळीच केंद्रं रोज चालू असतात असं नाही, त्यामुळे दवाखान्याजवळच्या केंद्राची चौकशी पहिल्याच दिवशी करून ठेवा.

आता दोन माणसांचा एका दिवसाचा हिशोब मांडू. न्याहारी चाळीस-चाळीस म्हणजे ८०, दिवसभरात चार चहा ४८, दुपारी दोन ताटं २२०, रात्री दोन ताटं २२०, पाण्याच्या दोन बाटल्या ४०. एकूण ६०८ रुपये. चार दिवसांचे अडीच हजार बाजूला काढून निघालात तर या पातळीवर ओढाताण होत नाही. याच मुक्कामात एकदा एसी हॉटेलात चौघं जेवलात की दोन दिवसांचं बजेट एका बैठकीत संपतं. एसी हॉटेलात जाऊ नये असं नव्हे. जायचं तर ठरवून जावं.

अनलिमिटेड थाळी

गुजराती-राजस्थानी थाळीचे दर माणशी ३५० ते ६०० असतात. शनिवार-रविवार आणि सणाच्या दिवशी ते पन्नास-शंभरांनी वाढतात. या थाळीत फरसाण, ढोकळा, दोन मिठाया, चार भाज्या, कढी, खिचडी असं सगळं येत राहतं. लग्नाच्या बस्त्याला गेलेली दहा माणसं एकदाच पोटभर जेवणार असतील आणि नंतर रात्री फक्त दूध-चहा, तर ही थाळी महाग पडत नाही. पण सोबत आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर हिशोब फिरतो. मुलांचा दर वयावर असतो की उंचीवर, किती वयापर्यंत अर्धे पैसे, हे दारातच विचारा. थाळी दोघांत वाटून खाता येत नाही, आणि उरलेलं बांधून मिळत नाही. काही ठिकाणी ताटात टाकलेल्या अन्नाचा दंडही लिहिलेला असतो. तो नियम मला पटतो. फक्त तो बसण्याआधी दिसेल असा लिहिलेला हवा.

मटण थाळीची गोष्ट वेगळी. पुण्यात चिकन थाळी २५० ते ३५०, मटण थाळी ३५० ते ५५०. ‘अनलिमिटेड’ अशी पाटी असली तरी बहुतेक ठिकाणी फक्त रस्सा, भाकरी आणि भात पुन्हा मिळतो. सुक्कं मटण एकदाच. आपला भाग उस्मानाबादी शेळीचा. मटणाचं ताट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते शहरातल्या चार फोडींच्या वाटीत सापडणार नाही. “काय काय परत मिळतं?” एवढा एक प्रश्न वेटरला विचारून मगच ऑर्डर द्या.

मेन्यूकार्ड आणि बिल

आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात ती कुटुंबासह एसी हॉटेलात. तिथं लबाडी होतेच असं नाही. बऱ्याचदा सगळं नियमात असतं, फक्त आपल्याला त्याची माहिती नसते. चार माणसांचं साधं शाकाहारी जेवण धरा. पनीरची एक भाजी २८०, दुसरी भाजी २६०, दाल फ्राय २००, जीरा राईस १८०, दहा रोट्या तीस रुपयांनी ३००, दोन मसाला पापड १००, पाण्याच्या दोन बाटल्या ८०. बेरीज १४००. त्यावर ५ टक्के जीएसटी ७० रुपये, एकूण १४७०.

यात काय कमी करता येतं? पहिली गोष्ट पाणी. वेटर येऊन “बिस्लेरी की रेग्युलर?” असं विचारतो आणि चारचौघांत ‘रेग्युलर’ म्हणायला माणूस संकोचतो. संकोचू नका. पोटाची काळजी असेल तर आपली बाटली पिशवीत ठेवा. हॉटेलनं बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून अनेकजण भांडतात, पण १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हॉटेल-रेस्टॉरंटना तशी मुभा दिली आहे. तिथं बाटलीबरोबर टेबल, एसी, वाढपी अशी सेवाही दिली जाते, असं त्यामागचं कारण. दुकान आणि स्टँडवर छापील किंमत, हॉटेलात मेन्यूकार्डावरची किंमत, हा फरक लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट रोट्या. गव्हाची साधी रोटी तीस आणि बटर नान सत्तर. चार माणसांच्या दहा रोट्यांत हाच फरक चारशेचा होतो. तिसरी गोष्ट मापाची. एक भाजी किती जणांना पुरते हे वेटरला विचारा आणि आधी कमी मागवा. सूप ‘वन बाय टू’ सांगितलं की एकाचे दोन वाडगे करून मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात.

आता कर. बिलावर ‘सीजीएसटी २.५’ आणि ‘एसजीएसटी २.५’ अशा दोन ओळी दिसल्या की दोनदा कर लावला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा, मिळून ५ टक्के. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलच्या जेवणावर हाच दर आहे, एसी असो वा नसो. २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलातही तो तसाच राहिला. १८ टक्के लागतो तो फक्त महागड्या निवासी हॉटेलांच्या आत असलेल्या रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे जिथं खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे अशा ठिकाणी. रस्त्यावरचं स्वतंत्र हॉटेल कितीही झगमगीत असलं तरी तिथं जेवणावर १८ टक्के लावता येत नाही.

प्रत्येक हॉटेलला कर घ्यायचा अधिकार असतोच असंही नाही. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेली हॉटेलं कंपोझिशन योजना घेऊ शकतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. त्यांच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असं शीर्षक आणि आपण कर गोळा करू शकत नाही अशी ओळ असते. म्हणून बिलावर जीएसटी लावलेला असेल तर पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे का ते बघा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मोबाइलवर अर्ध्या मिनिटात हॉटेलचं नाव आणि ते कंपोझिशनमध्ये आहे की नाही हे कळतं. क्रमांकच नाही आणि कर लावलाय, तर तो द्यायचा नाही. कच्च्या चिठ्ठीवर हातानं ‘टॅक्स ५%’ लिहून दिलं जातं, तिथं तर हमखास विचारावं.

यापुढचा मुद्दा सर्व्हिस चार्जचा. हा सरकारी कर नाही. हॉटेल तो स्वतःसाठी घेतं, साधारण ५ ते १० टक्के. वरच्याच बिलात १४०० वर १० टक्के म्हणजे १४० वाढले, मग १५४० वर जीएसटी ७७ झाला, आणि एकूण १६१७. सर्व्हिस चार्ज नसताना हेच बिल १४७० होतं. म्हणजे १४७ रुपये जादा, दवाखान्यातल्या माणसाचं एक वेळचं ताट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडता येणार नाही, नाव बदलूनही घेता येणार नाही, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवता येणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तीन वर्षांच्या आत, २८ मार्च २०२५ ला, न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. संघटनांनी पुढं अपील केलं आहे. पण आज बिलावर ही ओळ दिसली तर “हा काढून द्या” असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आवाज न चढवता, काउंटरवर जाऊन, मॅनेजरला सांगा. बहुतेक ठिकाणी दुसरं बिल निघतं.

सर्व्हिस चार्ज काढून घेतला म्हणजे वेटरला काहीच द्यायचं नाही, असा अर्थ मी काढत नाही. शहरातल्या हॉटेलांत वाढणाऱ्या पोरांत मराठवाड्यातली पोरंही असतात, आणि त्यांचा पगार फार नसतो. उडप्याकडं दहा-वीस, मोठ्या हॉटेलात मन मानेल ते पन्नास-शंभर, थेट त्याच्या हातात द्या. बिलातून गेलेला सर्व्हिस चार्ज त्याच्यापर्यंत किती पोचतो हे आपल्याला कधीच कळत नाही.

सोबत कुणी दारू घेणार असेल तर ते बिल वेगळं करायला सांगा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला आहे. एकत्र बिलात कोणता कर कशावर लावला हे तपासणं अवघड जातं.

मासे, बुफे आणि मोठी हॉटेलं

आपल्याकडं मासा म्हणजे मांजरा-तेरणेचा नाहीतर उजनीचा. समुद्राच्या माशाच्या भावाचा आपल्याला अंदाज नसतो. मालवणी किंवा गोमंतकी हॉटेलात सुरमई थाळी ४०० ते ७०० पर्यंत असते आणि तिचा दर लिहिलेला असतो. धोका असतो तो पापलेट, खेकडा, लॉबस्टर यांच्यासमोर दराऐवजी ‘आकारानुसार’ किंवा इंग्रजीत ‘एपीएस’ लिहिलेलं असतं तिथं. त्याचा अर्थ, मासा केवढा त्यावर दर. अशा वेळी मासा आधी दाखवायला सांगा, किंमत तोंडानं वदवून घ्या, आणि तळून की रश्शात हे ठरवून मगच ‘करा’ म्हणा. न विचारता मागवलेलं एक मोठं पापलेट हजाराच्या वर जाऊ शकतं. उजनीची चिलापीच खायची असेल तर परतताना भिगवणला थांबा. ती तिथं ताजी असते आणि पुण्यापेक्षा स्वस्तही.

बार्बेक्यू बुफे माणशी ८०० ते १३०० आणि वर ५ टक्के. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी सगळ्यात स्वस्त, शनिवारी रात्री सगळ्यात महाग. पाहुण्यांना घेऊन जायचं तर मंगळवार-बुधवारची दुपार धरा. कोल्ड्रिंक बुफेत असतं की वेगळं, हे विचारून ठेवा.

पंचतारांकित हॉटेलातला बुफे २००० ते ३५०० आणि वर १८ टक्के. दर २२०० धरला तर चौघांचे ८८००, कर १५८४, एकूण १०,३८४. पोराच्या नोकरीच्या आनंदात एकदा जायला हरकत नाही, फक्त जाहिरातीतल्या दरापुढं ‘अधिक कर’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचून जा.

मोबाइलवरून मागवताना

लॉजवर बसून मोबाइलवर जेवण मागवणं सोयीचं असतं, विशेषतः रात्री उशिरा दवाखान्यातून परतल्यावर. पण तोच पदार्थ हॉटेलात जाऊन खाल्ला तर कमी पैशात मिळतो, कारण अॅपवर बरीच हॉटेलं दर वाढवून लावतात. त्यात पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी यांची भर पडते. प्लॅटफॉर्म फी २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि आता दोन आकड्यांत गेली आहे. डिलिव्हरीच्या शुल्कावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. हॉटेल चालत जाण्याइतकं जवळ असेल तर त्यांना फोन करून पार्सल तयार ठेवायला सांगा आणि स्वतः घेऊन या. तिथं फक्त डब्याचे पाच-दहा रुपये लागतात.

हॉटेलात बसून अॅपवरून बिल भरलं तर १० ते २५ टक्के सवलत मिळते अशा जाहिराती असतात. त्या खऱ्या असतात, पण बऱ्याचदा थाळी, बुफे आणि दारूला लागू होत नाहीत. काही हॉटेलांत सवलत हवी तर सर्व्हिस चार्ज द्यावा लागेल असं सांगतात. दोन्ही बाजूंनी बेरीज करून बघा. पुष्कळदा सवलतीचं गाजर सोडून साधं बिल भरणंच स्वस्त पडतं.

तक्रार ढोकीतूनच करता येते

पुण्यात काही चुकीचं झालं की आपला माणूस म्हणतो, “जाऊ द्या, यासाठी पुन्हा कोण पुण्याला हेलपाटे घालणार!” या एका वाक्यावर हॉटेलवाल्यांचे कितीतरी पैसे वाचतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यानं ही अडचण दूर केली. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे हॉटेल डेक्कनवर असलं तरी ढोकीच्या माणसाला धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि यायचं ते हॉटेलवाल्याला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती या पोर्टलवर अर्ज घरबसल्या भरता येतो.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतून बोलता येतं. सर्व्हिस चार्ज, जादा कर, पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त आकारणी अशा बाबी पुष्कळदा इथंच मिटतात. तक्रार अन्नाची असेल, म्हणजे शिळं, आंबलेलं, अन्नात काही सापडलेलं, तर अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा टोल फ्री क्रमांक आहे. हॉटेलच्या बिलावर १ जानेवारी २०२२ पासून चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तक्रारीत तो क्रमांक दिला की हॉटेल शोधण्यात वेळ जात नाही.

या सगळ्याला कागद लागतो. म्हणून बिल मागा, आणि मिळाल्याबरोबर त्याचा फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. मेन्यूकार्डाच्या ज्या पानावरून ऑर्डर दिली त्याचाही एक फोटो असू द्या. पैसे यूपीआयनं दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवा. मॅनेजरनं सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर तिथं वाद न वाढवता पैसे भरा आणि बिलाच्या मागं ‘आक्षेप घेऊन भरले’ असं लिहून तारीख टाका. आयोगाकडं जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. घरी येऊन, पेशंट बरा झाल्यावर, सुगी उरकल्यावरही अर्ज करता येईल.